आरशातलं झाड

सामाजिक वनीकरणाच्या पाहणीत आम्हा दोघींना रोजंदारीवर घेतलं, तेव्हा नव्वदीची मधली वर्षं होती. मी कोऱ्हाळ्याची, उसाच्या घरातली. आठवडाभर इंदापुरात मावशीकडे राहायचे. माझी जोडीदारीण लोणी देवकरच्या बाजूची. तिच्या आजोबांची मेंढरं होती, वडील मात्र शेतीला लागलेले. दोघी बारावी झालेल्या.

कामही दोघींचं मिळून होतं. झाडाचा पसारा मोजायचा. फांदीच्या शेवटच्या पानाखाली एकीनं ओळंबा, म्हणजे वजन बांधलेली दोरी, धरून उभं राहायचं, दुसरीनं टेप घेऊन समोरच्या टोकाला जायचं. मग तेच आडवं. टेपच्या दोन टोकांवरून आमच्या गप्पा चालायच्या. रस्त्यावरची माणसं विचारायची, “झाडं तोडणार का काय?” ती म्हणायची, “न्हाय आबा, अंगाचं माप घेतोय. कपडं शिवायचंत.”

मग नवे साहेब आले आणि त्यांनी एक लाकडी डबी आणली. तळहातावर मावेल एवढी. झाकण उघडलं की आत फुगीर आरसा, त्यावर बारीक चौकोन कोरलेले, कोपऱ्यात गवंड्याच्या लेव्हलसारखा बुडबुडा. डबी छातीजवळ आडवी धरायची, मान खाली घालायची आणि वरचं सगळं झाड त्या आरशात बघायचं. किती चौकोनात पान, किती चौकोनात आभाळ, ते मोजलं की सावली किती दाट ते कळतं.

साहेबांनी आधी डबी माझ्या हातात दिली. बुडबुडा मध्ये ठरेचना. मी श्वास धरला तर तो आणखीच पळाला. मग तिनं घेतली. बुडबुडा मधोमध जाऊन बसला, जसं काही तिच्याच घरचा होता.

“झालं. डबी यांच्याकडे,” साहेब म्हणाले.

आता टेपचं एक टोक मी खिळ्यानं जमिनीत रोवायची आणि एकटीच पळायची. ती मात्र झाडाखाली मान खाली घालून शांत उभी. साहेब तिच्याशीच बोलायचे. गावातल्या बाया माझ्यासमोरून निघून तिच्याभोवती गोळा व्हायच्या. “काय दिसतं गं यात?” ती सगळ्यांना दाखवायची. मलाही म्हणाली, “बघ की, लई भारी दिसतं.”

“मला वरचं मान वर करून बघता येतं,” मी म्हणाले आणि भाकरी घेऊन दुसऱ्या झाडाखाली जाऊन बसले. तिची मान तरी अवघडावी असं मला मनापासून वाटायचं.

एका दुपारी कालव्याकडेच्या जुन्या वडाखाली होतो. ती खोडाजवळ आरशात बघत होती. मी टोकाला, फांदी कुठं संपते ते पाहायला काठीनं पानं हलवत होते.

“काठी लावू नको!” ती ओरडली. “तुझ्या डोक्यावर आग्या मोहोळ हाय!”

मला पानांआडून काही दिसलं नव्हतं. तोवर काठी लागली होती. वर कढईत तेल कडकडावं तसा आवाज झाला आणि मी जागीच थिजले. ती डबी टाकून धावत आली. उन्हासाठी खांद्यावर घेतलेली घोंगडी तिनं माझ्या डोक्यावरून घातली, मला खाली दाबलं आणि वर स्वतः पडली. मला दोन-तीन माशा चावल्या. तिची मान, कान, दोन्ही हात सुजून भोपळा झाले.

तिला इंदापूरच्या दवाखान्यात ठेवलं. साहेब आले, तिच्या गावची माणसं आली, माझी मावशीसुद्धा डबा घेऊन आली. जो तो म्हणे, “काय धीराची पोरगी!” मी कॉटच्या पायाशी उभी होते. जीव तिच्यामुळं वाचला होता हे मला पुरतं कळत होतं. आणि तरी तिच्या सुजलेल्या हातांचासुद्धा हेवा वाटत होता. माझ्या अंगावर दाखवण्यासारखं काहीच नव्हतं.

डबीतला आरसा तडकला होता. दुसरी डबी आली नाही. आम्ही पुन्हा टेपवर आलो, पण गप्पा पहिल्यासारख्या जमल्या नाहीत. वर्षभरात ती परीक्षा देऊन कायमच्या नोकरीला लागली, दुसऱ्या जिल्ह्यात. मी तीच परीक्षा नापास झाले.

इंदापूरच्या स्टँडवर तिला पोहोचवायला गेले. गाडीला वेळ होता. ती एकदम म्हणाली, “तुला माझा राग येतो. व्हय ना?”

“येतो,” मी म्हणाले. खोटं बोलायचं सुचलंच नाही.

“मला बी तुझा यायचा,” ती म्हणाली. “दर शनिवारी तुझं वडील फटफटीवर तुला न्यायला यायचं. माझ्या बापानं मी कुठं काम करते ते एकदा बी इचारलं न्हाय.”

एवढ्यात गाडी लागली. मी तिची पिशवी खिडकीतून आत दिली. गाडी सोलापूरच्या रस्त्याला लागेपर्यंत ती हात हलवत होती आणि मीही. मग मी एकटीच मावशीच्या घराकडे निघाले. बरंच हलकं वाटत होतं. ती गेली म्हणून, की तिलाही कधी माझा हेवा वाटला म्हणून, ते मी तेव्हा ठरवलं नाही, अजूनही नाही.