लीन

रविवारचं जेवण आटोपून शाल्मली मामीच्या घरी दिवाणावर आडवी होते. आत मामी भांडी विसळते आहे. नळाच्या आवाजाची हळूहळू घरघर होते, आणि समोर गच्चीवर मामा छोट्या ट्रकपाशी उकिडवा बसलेला दिसतो. त्याला जाऊन आठ महिने झालेत, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तरी ती विचारते, "इंजिनाचं हेड किती तापलंय?"

"तू सांग. रसायनशास्त्राची पदवी तुझी."

मामाचं मिरजेत स्कूटरचं गॅरेज होतं. नायट्रो इंधनावर पळणारा हा हातभर लांबीचा रिमोटचा ट्रक दोघांनी मिळून जोडलेला. इंधन ती मोजायची, कार्बोरेटरची सुई तो फिरवायचा. आताही तो स्क्रूड्रायव्हर टेकवतो आणि सुई पाव फेरा आवळतो. ट्रक किंचाळत सुटतो.

"मामा, लीन झालं! हवा जास्त, इंधन कमी."

"लीन झालं की देवाच्या चरणी," मामा हसतो. हा त्याचा जुनाच विनोद. "ऐक तरी. मरायच्या आधी इंजिन सगळ्यात झकास पळतं."

ट्रकच्या मागे धूर नाही. वंगणाचं तेल इंधनातूनच जातं. धूर नाही म्हणजे आत तेल पोचत नाही. ती ट्रकमागे धावते. गच्ची संपते तिथे दवाखान्याचा पॅसेज आहे, ट्रक बाकड्यांखालून पळतो आहे. एका बाकड्यावर मामी बसली आहे. "माझ्या हातचं खारट खाऊनच गेले हो," ती कुणाला तरी सांगते. आठ महिने ती हेच सांगते आहे.

मामा शेजारीच उभा आहे.

"तिला सांगू?" शाल्मली विचारते.

"तुला शपथ घातली होती."

"तू हृदयाच्या गोळ्या सोडल्यास. महिनाभर दोन-दोन पायऱ्या चढत होतास. मला वाटलं, बरा झालास."

"वाटलं?" मामाचा आवाज चढतो. "आवाजावरून पाव फेरा ओळखणारी पोरगी तू. माझा आवाज नाही ऐकू आला?"

"गप्प बस म्हणून तूच सांगितलंस!"

"मी सांगणारच. मला पळायला मजा येत होती. तुला तर कळत होतं."

ट्रक तिच्या पायांभोवती गरगरतो आहे. ती वाकून सायलेन्सरच्या तोंडावर अंगठा दाबते. चटका बसतो. इंजिन गुदमरून बंद पडतं.

"आत्ता सुचलं," मामा म्हणतो.

डोळे उघडतात तेव्हा मामी चहाचा कप घेऊन उभी आहे.

"शाल्मे, अंगठ्याला काय गं हे?"

अंगठ्याच्या टोकावर काळं, तेलकट कडं उमटलं आहे. ट्रक तर मामा गेल्यापासून माळ्यावर खोक्यात बांधून ठेवलेला. शाल्मली कारण शोधते. एकही टिकत नाही. मामी पदराचं टोक ओलं करून अंगठा पुसू लागते. "यांचे हात असेच असायचे."

"मामी, मामानं गोळ्या सोडल्या होत्या. मला माहीत होतं."

मामीचा हात थांबतो. ती शाल्मलीकडे बघत नाही. शाल्मलीनं मुठीत धरलेला पदर सोडवून घेते.

"चहा निवतोय," म्हणते आणि आत जाते.

अंगठ्यावरचं कडं तसंच आहे. पदरावर उमटलेलं दुसरं एक मामीबरोबर आत गेलं.