वुपरटालची मागची खिडकी

अमेरिकेतल्या आमच्या एडिसनमधून कुणी युरोपला निघालं की सुमंतकाकांचा फोन ठरलेला. "जर्मनीवरून जाणार ना? मग वुपरटालला उतर आणि तिथल्या लटकत्या गाडीच्या अगदी मागच्या खिडकीतून व्हिडिओ काढ." लोक हो हो म्हणत, फ्रँकफर्टच्या विमानतळावरूनच परत येत आणि मधुमेह असलेल्या या माणसाच्या हातात चॉकलेटं ठेवत. मला भयंकर राग यायचा. माणसाने मागितलं काय, तुम्ही आणता काय!

काका मूळचे इचलकरंजीचे, कापड रंगाईतले इंजिनियर. लग्नानंतरची पहिली तीन वर्षं ते आणि रत्नाकाकू वुपरटालला होते. मग न्यू जर्सीत आले ते कायमचेच. त्या शहराचा इतिहास काकांना तोंडपाठ. वुपर नदीच्या पाण्यात सूत धुता धुता ते वाढलं, मग रिबिनी आल्या, रंग आले, धुरांडी आली. दरी एवढी चिंचोळी, की शहरातल्या गाडीला जागाच उरली नाही. म्हणून सव्वाशे वर्षांपूर्वी लोकांनी ती नदीच्या वर टांगली. एकदा सर्कशीतलं हत्तीचं पिल्लू त्या गाडीतून नदीत पडलं आणि खरचटण्यावर निभावलं, हे सांगताना तर काका स्वतःच खुदकन हसत.

काकूंना मात्र मागचंच सीट लागायचं. "पुढचं काय, येणारच आहे. जाणारं बघून घेऊ दे," म्हणायच्या. त्या गेल्याला दोन वर्षं झाली. डॉक्टरांनी काकांचा विमानप्रवास बंद केला, तेव्हा ते मला एवढंच म्हणाले, "तिच्याबरोबर बघितलेलं पुन्हा एकदा बघायचं राहिलं गं."

शेवटी त्यांची मुलगी नीना ऑफिसच्या कामाने जर्मनीला गेली आणि खरोखर वुपरटालला उतरली. परत आल्यावर रविवारी तिने टीव्हीवर व्हिडिओ लावला. मीही हजर होते. हिरवे लोखंडी खांब, खाली नदी. काका आधी पुढे सरकले आणि मग पुन्हा मागे टेकून बसले. अमेरिकेत वाढलेल्या पोरीने व्हिडिओ एवढंच लक्षात ठेवलं होतं आणि सगळ्यांत चांगलं म्हणून अगदी पुढचं सीट पकडलं होतं.

"बाबा, आय गॉट द बेस्ट सीट!"

"छान आहे गं," काका म्हणाले. एवढं खोटं 'छान' मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मला राहवेना, मी मागच्या खिडकीचं सांगून टाकलं. नीनाचा चेहरा उतरला. मग तिने लॅपटॉप ओढला. "वेट. मी रिव्हर्स करते."

व्हिडिओ उलटा सुरू झाला. बदकं मागे मागे पोहू लागली, फलाटावरची माणसं उलटी चालू लागली. पण शहर दूर दूर जाऊ लागलं, रत्नाकाकूंना दिसायचं अगदी तसं. वेर्टर पुलाचं जुनं नक्षीदार स्टेशन आलं.

"थांबव," काका म्हणाले. "इथे आमचं घर. इथेच उतरायचो."

नीनाने थांबवलं. काका बराच वेळ बघत राहिले.

"नको, आज उतरायचं नाही. जाऊ दे पुढे," ते म्हणाले आणि सोफ्यावर जरा बाजूला सरकून त्यांनी शेजारी एका माणसापुरती जागा केली.