सयाजी हवालदार आणि बेटावरचं पाणी

सयाजी पवार पलटणीतून हवालदार होऊन घरी आला तेव्हा पळसवड्यात त्याला जो तो कशालाही न घाबरणारा माणूस म्हणून ओळखू लागला. पासष्टच्या लढाईत त्याच्या मांडीत गोळीचा तुकडा घुसला होता आणि त्या पायानं तो जरा लंगडायचा. पारावर बसला की पोरंसोरं भोवती जमायची. त्याला भीती कशाची वाटते हे कुणी कधी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. अगदी बायकोला, शालूबाईलासुद्धा नाही.

त्याला कृष्णेची भीती वाटायची.

लहान असताना तो आणि थोरला भाऊ गुंडा म्हसरं धुवायला घाटाखाली उतरले होते. गुंडा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून म्हशीच्या पाठीवर पाणी मारत होता. पुढच्या क्षणी तिथं म्हैस होती आणि गुंडा नव्हता. सयाजीनं सुसरीचं शेपूट तेवढं पाहिलं. ओरडावं म्हटलं तर घशातून आवाज निघाला नाही. माणसं गोळा होईपर्यंत नदी पुन्हा निवांत वाहू लागली होती. पुढं पलटणीत त्याला राजस्थानच्या वाळूत नेमणूक मिळाली, तेव्हा बाकीचे शिपाई पाण्यासाठी तळमळायचे आणि सयाजीला मात्र तिथं शांत झोप लागायची.

पळसवड्यासमोर कृष्णेच्या दोन धारांमध्ये एक बेट आहे. त्याच्यावर कुंभेश्वराचं काळ्या दगडाचं जुनं देऊळ, खांबांवर कोरलेले हत्ती आणि हंस, मागं अर्जुनाची जुनाट झाडं आणि त्यांना उलटी लटकलेली हजारो वटवाघळं. त्या वर्षांत सांगली-साताऱ्याकडची माणसं सुट्टीच्या दिवशी बेट बघायला येऊ लागली होती. काही उनाड मंडळी खांबांवर नावं कोरून जायची, म्हणून देवस्थानच्या पंचांनी राखणदार नेमायचं ठरवलं. फौजी माणूस गावात असताना दुसरा कोण नेमणार? सयाजीनं नाही म्हणायला तोंड उघडलं, पण कारण सांगायची लाज वाटली आणि तो व्हय म्हणून बसला.

उन्हाळ्यात बेटावर दगडांवरून चालत जाता यायचं. पावसाळ्यापासून पुढं मात्र चांदसाहेब मुलाणीची काहील. गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची ती लोखंडी, पसरट काहील पाण्यात सोडायची, चौघांनी तिच्यात दाटीवाटीनं बसायचं आणि चांदसाहेबानं वल्हं मारत ती पलीकडं न्यायची. धारेत ती गरागरा फिरायची. सयाजी रोज तळाशी बसून डोळे मिटून घ्यायचा. मांडीतली जखम ठणकते असं चांदसाहेबाला सांगायचा, आणि चांदसाहेब वल्हं मारत राहायचा.

चौऱ्याहत्तर सालच्या भादव्यात एका सकाळी चांदसाहेबानं तीन पाहुणे आणले. सांगलीच्या विश्रामबागेतला नाथाजी नावाचा नोकरदार, त्याची बायको आणि त्याची म्हातारी आई बनाबाई. त्यांना बेटावर सोडून चांदसाहेब जेवायला परत गेला. आभाळ स्वच्छ होतं, ऊन पडलं होतं. बनाबाई खांबावरच्या हंसांवरून हात फिरवत होती.

दुपारच्या सुमारास सयाजीला बेटावरच्या घाटाच्या पायऱ्यांवर फेस दिसला. मग तांबूस पाणी, त्यात पालापाचोळा, उसाचे तुटलेले वाढे. महाबळेश्वराकडं पाऊस कोसळला की इथं उन्हातही नदी चढते, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. पलटणीतली शिट्टी काढून त्यानं जीव खाऊन फुंकली. पलीकडच्या काठावर चांदसाहेब धावत आला, हात हलवले, पण तोवर धार अशी तुटून पडत होती की सरळ काहील घालणं शक्य नव्हतं. तो माणसं गोळा करायला, काहील वरच्या अंगाला न्यायला पळाला.

पाणी घाट चढून अंगणात आलं. चौघं सभामंडपात आली. झाडांवरची वटवाघळं चिरकत उठली आणि भर उन्हात देवळावर घिरट्या घालू लागली. नाथाजी पुन्हा पुन्हा विचारत होता, आता काय करायचं, आणि सयाजी सांगत होता की मंडप उंच आहे, इथवर पाणी येत नाही.

तेवढ्यात ओवरीवरून एक ओंडका वाहत आत आला. तो दीपमाळेला अडला, वळला आणि पायांनी चालत मंडपाच्या पायरीवर चढला.

नाथाजीची बायको किंचाळून मागं सरली. पलटणीत तोफेच्या आवाजातही सयाजीचे हात चालायचे, पण आता हातातली काठी खाली पडली आणि ती उचलायला वाकता येईना. सुसर पायरीवर आडवी पडून राहिली. तिच्या पाठीवरून पाणी निथळत होतं. नाथाजी चिडून म्हणाला की तुम्ही राखणदार ना, तुम्ही फौजी ना, हाकला तिला.

सयाजी बनाबाईकडं बघून म्हणाला, "आजी, मला काय बी सुधरंना. मी लय भ्यालोय."

एवढी वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते असं तोंडातून निघून गेलं.

म्हातारीनं त्याचा दंड धरला. "मग भी की. आमी तरी कुठं भ्यालो न्हाई? पर हितनं आत चल."

तिनंच त्याला गाभाऱ्यात ओढलं. चौघांनी लाकडी दार लावून घेतलं. आत अंधार आणि उदबत्तीचा शिळा वास. बाहेर दगडावर काहीतरी जड सरपटल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. उंबऱ्याखालून पाणी आत येऊ लागलं. पावलं भिजली, मग घोटे. बनाबाईचा हात सयाजीच्या दंडावर तसाच होता.

किती वेळ गेला कोण जाणे, चांदसाहेबाची हाक आली. नाथाजीनं दार किलकिलं केलं. सुसर मंडपाच्या पूर्वेच्या कट्ट्यावर चढून बसली होती. पश्चिमेच्या खांबाला चांदसाहेबानं काहील दोरानं बांधली होती. धार बघता तीनच माणसं नेता येतील, असं त्यानं सांगितलं. पाहुण्यांना पुढं करण्यावाचून इलाज नव्हता. सयाजी एवढंच म्हणाला, "लवकर ये रं गड्या."

काहील गेली आणि तो एकटा राहिला. गाभाऱ्यात पाणी गुडघ्याला लागलं होतं, म्हणून तो मंडपातल्या नंदीच्या पाठीवर चढून बसला. समोर सुसर. तिचा जबडा अर्धा उघडा होता आणि श्वासाबरोबर कूस वरखाली होत होती. ती त्याच्याकडं बघत होती की नुसतीच बघत होती, हे त्याला कळेना. पाणी तिलाही वर वर ढकलत आलं होतं. तोंडातून आपोआप शब्द येत होता, गुंडा, गुंडा. आपणच बोलतोय हे त्याला उशिरा कळलं.

मग ती हलली. आवाज न करता कट्ट्यावरून घसरून गढूळ पाण्यात गेली, आणि दिसेनाशी झाली.

समोर होती तोवर निदान ती कुठं आहे हे कळत होतं. आता मंडपभर पाणीच पाणी, आणि त्यातल्या प्रत्येक भोवऱ्याखाली ती असू शकत होती. नंदीच्या शिंगांना त्यानं अशी मिठी मारली की तळहात सोलले गेले.

उन्हं कलताना चांदसाहेब परत आला. काहील चार हातांवर होती, मध्ये मांडीभर पाणी. सयाजी नंदीवरून उतरेना. सुसर पाण्यात हाय, एवढंच तो म्हणत राहिला. चांदसाहेबानं थोडा वेळ पाण्याकडं पाहिलं. मग दोर कमरेला बांधून तो स्वतः खाली उतरला आणि चालत नंदीपर्यंत आला.

"मला बी रोज भ्या वाटतं, सयाजी," तो म्हणाला. "हात दे."

त्याचा हात बर्फासारखा गार होता. सयाजी उतरला. ते चार हात अंतर कसं कापलं ते त्याला पुढं कधीच आठवलं नाही. काहिलीत तो चांदसाहेबाच्या पायाला धरून बसला आणि काठ लागेपर्यंत त्यानं तो सोडला नाही.

त्या संध्याकाळी चुलीपुढं बसून त्यानं शालूबाईला गुंडाचं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, आणि भाकरी तव्यावर करपली. दुसऱ्या दिवशी तो पंचांपुढं गेला आणि म्हणाला, मला पाण्याचं भ्या हाय, बेटावर मी जाणार न्हाई, पर काठावर राखण करीन. एकदोघं हसले. पण पाहुण्यांना पुढं धाडून तो एकटा मागं राहिला हे नाथाजीनं गावभर सांगितलं होतं, त्यामुळं बाकीच्यांनी त्याला काठावरची राखण दिली.

त्यानंतर सयाजी काठावरच्या लिंबाखाली बसू लागला. पाण्याला जरा गढूळपणा आला की तो कुणाला जाऊ देत नसे. साताऱ्याहून गाडी करून आलेले साहेब त्याच्यावर चिडायचे, भित्रा म्हणायचे. तो व्हय म्हणायचा आणि वाट अडवून उभा राहायचा. पाणी ओसरलं तरी भीती काही ओसरली नाही. रात्री पावसाचा आवाज आला की तो अजूनही उठून बसायचा. फरक एवढाच की आता शालूबाईही उठून बसायची.

पुढच्या माघात दगड उघडे पडल्यावर बनाबाई पुन्हा आली. दर्शनाला जाताना तिनं त्याला चल म्हटलं. त्यानं मान हलवली. म्हातारीनं आग्रह केला नाही. ती सुनेचा हात धरून दगडादगडांवरून गेली आणि येताना पदराच्या टोकात बांधून नारळाचा तुकडा घेऊन आली. सयाजीनं तो लिंबाखाली बसूनच खाल्ला.