बूट काढून आलेला डिशवाला

मी साठे काकूंच्या बेडरूमच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आले होते. अंगावर पैठणी होती. मागे साठे काकांनी माझा पदर घट्ट धरला होता आणि मी त्यांना समजावत होते की पदर धरून उपयोग नाही, मी पडले तर पदर तेवढा तुमच्या हातात राहील. खाली ड्राइव्हवेवर शेजारची मार्गारेट मान वर करून उभी होती. तिने विचारलं, आज तुमच्यात हा काही सण आहे का? मी हो म्हणाले. सविस्तर सांगायला वेळ नव्हता.

मी एरियल आणि डिश बसवते. हाच माझा धंदा. नवऱ्याच्या नोकरीमागे लंडनला आले, घरात बसून कंटाळले आणि एका म्हाताऱ्या इन्स्टॉलरच्या हाताखाली काम शिकले. आता लंडनच्या आमच्या स्टॅनमोर भागातली कितीतरी छपरं मला त्यांच्या मालकांपेक्षा जास्त ओळखीची आहेत. आपल्या इथल्या मराठी मंडळातले लोक मात्र मला बोलावत नाहीत. एक तर मी भाव उतरवत नाही. शिवाय मी घरात बूट काढत नाही. शिडीचे जड बूट ते, दर खेपेला काढत-घालत बसले तर दिवस त्यातच जायचा. मी वरून प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवते. पण देवघरासमोरून पायात पिशव्या घातलेली बाई फरफर आवाज करत गेलेली लोकांना बघवत नाही.

साठे काका म्हणजे मंडळाच्या 'कोणाला बोलवावं' खात्याचे मंत्री. रिटायर्ड अकाउंटंट. बॉयलर बिघडो की गटार तुंबो, व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांचा शब्द शेवटचा. आणि त्या रविवारी काकांच्या आयुष्यातली एक मोठी गोष्ट घडायची होती. दुपारी चार वाजता काकू टीव्हीवर दिसणार होत्या.

काकू प्रायमरी शाळेत शिकवायच्या. रिटायर झाल्यावर मैत्रिणीच्या आग्रहाने त्यांनी एका क्विझ शोला अर्ज केला आणि त्यांची निवडही झाली. शूटिंग उन्हाळ्यातच झालं होतं, पण दाखवेपर्यंत निकाल कोणाला सांगायचा नाही अशी अट होती. काकूंनी ती इतकी पाळली की नवऱ्यालाही सांगितलं नाही. काका उन्हाळाभर झुरत होते. जिंकलीस का, निदान हस किंवा रड, असं म्हणून झालं. काकू भाजी निवडत राहिल्या. शेवटी काकांनी अर्धं मंडळ फराळाला बोलावलं आणि सगळ्यांसोबत निकाल बघायचं ठरवलं.

पण काकांचा टीव्ही दिवाळीच्या पहिल्या दिवसापासून बंद होता. लॅपटॉपवर बघता आलं असतं. काकांना ते मान्य नव्हतं. बायको टीव्हीवर येणार म्हणजे ती टीव्हीवरच दिसली पाहिजे, तीसुद्धा पंचावन्न इंचांत.

मी पाहुणी म्हणून गेले होते. नवऱ्याने दारात सोडलं, माझी व्हॅन आणि हत्यारं घरी. साठ्यांच्या पोर्चमध्ये चपलांच्या रांगेत एक बुटांचा जोड दिसला, थेट पोटरीपर्यंत नाड्यांचा. आत सोफ्यावर, पाहुण्यांच्या मधोमध, मोज्यांतला एक गोरा माणूस चिवडा खात बसला होता. समोर चकल्या, बाजूला चहा. अशी सरबराई इथे जावयाचीच होते.

"मीनल, हा कीथ," काका म्हणाले. "डिशवाला. अगं, न सांगता बूट काढले त्याने. पहिल्या दिवशीसुद्धा. आणि निम्म्यावर आणला बघ मी त्याला. अक्षरशः निम्म्यावर."

आमच्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी युक्ती आहे. आधी दुप्पट-चौपट सांगायचं, मग डोळ्यांत पाणी आणून निम्मं करायचं. गिऱ्हाईक खूश, कारण त्याने घासाघीस करून जिंकलं. आपल्या लोकांना वस्तू स्वस्त मिळण्यापेक्षा भाव उतरवल्याचा आनंद जास्त, हे कीथला कोणीतरी शिकवलं असणार. मी पहिल्यांदाच खरा भाव सांगते, त्यामुळे मी माणूसघाणी ठरते. या देशात गॅसचं काम करायला माणूस रजिस्टर्ड असावा लागतो, डिश बसवायला शिडी असली की पुरे. शिडी मागून आणली तरी चालते.

कीथने काय निदान केलं ते काकांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. म्हणे सॅटेलाइट जागेवरून सरकला आहे. त्यात फाइव्ह-जीची भर. आता चिमणीवर उंच खांब, त्यावर मोठी डिश आणि खास दक्षिण आशियाई चॅनेल्ससाठीची केबल लागेल. केबलला चॅनेल्सचा धर्म, देश, भाषा काही कळत नाही हो. आणि सॅटेलाइट सरकला असता तर ती बातमी झाली असती, कारण देशभरातल्या डिश बंद पडल्या असत्या.

मी विचारलं, मार्गारेटचा टीव्ही चालू आहे का? काका म्हणाले, चालू आहे, पण कीथ म्हणतो तिचा झोन वेगळा आहे. मी म्हटलं, काका, तुमची आणि तिची भिंत एकच आहे.

मग मी कीथला मीटरचं रीडिंग विचारलं. सिग्नल मीटर म्हणजे हातात मावणारं एक यंत्र. केबल जोडली की डिशला सिग्नल किती मिळतोय ते आकड्यांत दाखवतं. त्याशिवाय निदान करणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं. कीथ म्हणाला, मीटरची बॅटरी गेली आहे. मग चकलीचा तुकडा मोडून तो आंटी, आंटी करत काकूंकडे वळला. काकू मात्र कोणाकडेच बघत नव्हत्या. त्या फराळाच्या डिशेस लावत होत्या, आणि मला वाटलं, बिचारीला टेन्शन आलंय.

काका मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मोठी डिश उद्या येईल. पण आत्ता ॲडव्हान्स दिला तर तो टेम्पररी बूस्टर लावून चारच्या आत चित्र आणून देणार आहे. फक्त वरच्या खोलीत कोणी यायचं नाही. रेडिएशन असतं ना."

मी हे काम करते तेव्हा गिऱ्हाइकाची मांजरं माझ्या मांडीवर येऊन बसतात. आजवर एकाही मांजराला काही झालेलं नाही. मला खरंच राग आला. काकांचा नाही, त्या मोज्यांचा. कारण काकांचं काम झालं की ग्रुपवरची बाकीची घरं रांगेत होतीच. त्यातल्या तिघांनी तर कीथला तारखाही दिल्या होत्या.

"काका, ॲडव्हान्स पाच मिनिटं थांबवा," मी म्हटलं आणि जिना चढले.

काकू मागून आल्या, त्यांच्या मागे काका. "राहू दे गं मीनल, पैठणी खराब होईल. तू पाहुणी आहेस."

तोवर मी बेडरूमची खिडकी उघडली होती. डिश खिडकीच्या शेजारीच, हात लांब केला की लागेल अशी. डिश म्हणजे नुसता वाडगा. सॅटेलाइटकडून येणारा सिग्नल तो गोळा करतो आणि पुढे काढलेल्या दांडीच्या टोकाला एक डबी असते, तिच्यात फेकतो. सगळा खेळ त्या डबीचा. आणि त्या डबीच्या बरोब्बर खाली, दांडीला सुतळीने बांधून, साठ्यांचा आकाशकंदील लटकत होता. भलामोठा चांदणीचा, घरी केलेला, वरून चंदेरी कागद चिकटवलेला. त्याच्या झिरमिळ्या वाऱ्यावर वाडग्याच्या तोंडावर खुशाल फडफडत होत्या. पावसाने भिजून तो असा जड झाला होता की दांडीच खाली वाकली होती. एरवी चंदेरी कागद सिग्नल अडवतो हे मी गिऱ्हाइकांना तोंडी समजावते. इथे तर अख्खं प्रात्यक्षिकच टांगलेलं होतं.

"मेन रोडवरून दिसतो," काका मागून कौतुकाने म्हणाले. "हिनेच लावला तिथे. काय डोकं आहे बघ."

काकू घाईने म्हणाल्या, "तो उतरवायचा नाही हं. तुळशीचं लग्न होईपर्यंत ठेवतात."

मी म्हटलं, उतरवत नाही, नुसता बाजूला धरते. आणि अशी मी कमरेपर्यंत बाहेर गेले, काकांनी पदर धरला आणि मार्गारेटने तो प्रश्न विचारला.

पुढचं काम कसं करायचं हे कोणाला शिकवावं लागलं नाही. छपरावर अँटेना फिरवणारा एक आणि खाली टीव्हीपाशी ओरडणारा एक, यातच आमची पिढी वाढली. पाहुणे आपणहून जिन्यावर रांगेने उभे राहिले. पहिला हॉलमध्ये, शेवटचा बेडरूमच्या दारात. मी एका हाताने कंदील बाजूला ओढला आणि दुसऱ्याने दांडी वर उचलली.

"आलं!" हॉलमधून निघालेला शब्द जिना चढून माझ्यापर्यंत पोचला.

मी कंदील सोडला.

"गेलं!"

परत धरला. आलं. सोडला. गेलं. चौथ्या खेपेला काकांनी माझा पदर सोडला. ते खिडकीशी आले, त्यांनी स्वतःच्या हाताने कंदील बाजूला केला आणि खालून "आलं" ऐकलं. नंतर ते खाली गेले. मी सुतळी सोडून कंदील खिडकीच्या कडीला बांधला, दांडीचा स्क्रू खालून मागवलेल्या काकूंच्या पोळ्यांच्या उलथन्याने आवळला आणि मागोमाग उतरले.

हॉलमध्ये स्वच्छ चित्र होतं. कीथ उभा राहिला होता. तो म्हणाला, मी आत्ता वर जाऊन हेच करणार होतो.

"रेडिएशनमध्ये?" काकांनी विचारलं.

कीथला आता पटकन निघायचं होतं. पण पटकन निघणं त्याच्या हातात नव्हतं, कारण बूट पोर्चमध्ये होते आणि नाड्या पोटरीपर्यंत होत्या. पोर्च अरुंद. सगळे पाहुणे दारात गोळा झाले आणि शांतपणे बघत राहिले. तो एकेका भोकातून नाडी ओवत होता. एक भोक चुकलं, पुन्हा सोडून ओवावं लागलं. पाहुण्यांतल्या जोशी आजोबांनी त्याला बसायला स्टूल दिलं. रागावणार तरी कोणावर, माणूस बूट घालत होता. शेवटी काकूंनी त्याच्या हातात फराळाचा डबा ठेवला, कारण घरी आलेल्याला रिकाम्या हाती पाठवायचं नसतं. तो थँक्यू आंटी म्हणाला आणि गेला. तारखा दिलेले तिघंही तिथेच उभे होते, त्यांनी तारखा रद्द करायला फोन काढले.

चार वाजले. काका सोफ्याच्या कडेवर बसले. पडद्यावर काकू आल्या, निळ्या साडीत, आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मिनिटाभरात जमतील तितकी उत्तरं द्यायची, असा खेळ होता. पहिला प्रश्न अगदी सोपा, चहा करताना दूध आधी घालतात की नंतर? एका शब्दाचं उत्तर. काकूंनी होस्टला सांगायला सुरुवात केली की मुळात तुमची पद्धतच चुकते आहे. पाणी, आलं, साखर, मग पावडर, मग उकळी, मग दूध, मग पुन्हा उकळी. तो बिचारा दोनदा मध्ये बोलायला गेला. शाळेतल्या पोराला थांबवावं तसं काकूंनी त्याला हाताने थांबवलं. त्या वेलचीपर्यंत आल्या आणि घंटा वाजली. गुण शून्य.

आधी जोशी आजोबांना हसू फुटलं आणि मग कोणालाच आवरेना. लोक डोळे पुसत होते, मागे घ्या, परत लावा म्हणत होते. काका तेवढे हसले नाहीत.

"चूक काय बोलली ती?" ते म्हणाले. "चहा उकळलाच पाहिजे."

मी स्वयंपाकघरात गेले. काकू ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या.

"कंदील लावला आणि त्याच क्षणी टीव्ही गेला," त्या हळू म्हणाल्या. "मला तेव्हाच कळलं होतं गं. म्हटलं, बरं झालं. आजचा दिवस टळला की मी स्वतःच उतरवणार होते. आणि यांनी कुठून तो बूटवाला आणला, आणि मग तू आलीस."

इतकी वर्षं मी सिग्नल आणून देते आणि लोक आभार मानतात. एवढ्यात काका दारात आले. बाहेर सगळ्यांना चहा हवा आहे म्हणाले, तू टीव्हीवर सांगितलास तस्साच. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, काका गंभीर होते. मग काकूंनी मोठं पातेलं काढलं आणि मला आलं किसायला बसवलं.

तर वाचकहो, डिशवाल्याला बोलावताना त्याचे पाय बघू नका, मीटर बघा. तो भाव निम्मा करत असेल तर तो आधी दुप्पट का होता ते विचारा. शेजाऱ्याचा टीव्ही चालतो का ते त्याच्या आधी तुम्ही बघून या. एवढं तुमच्यासाठी. मी माझ्यापुरतं एवढंच शिकले की आता कोणाच्याही घरी गेले की पिशव्या चढवते आणि मीटर बाहेर काढण्याआधी विचारून घेते, हा टीव्ही चालू झालेला घरात कोणाला नको आहे का.