अक्काकडं उतरलेली माणसं

माणूस भेटलं की आपण ‘काय, कसं काय?’ विचारतो. अक्का विचारायची, ‘‘उतरलात कुठं?’’ तब्येत, नोकरी, मुलांच्या परीक्षा हे सगळं त्यानंतर. समोरच्यानं एखाद्या हॉटेलचं नाव घेतलं, की तो फुटपाथवर झोपला असं कुणीतरी सांगावं तसा तिचा चेहरा व्हायचा. मग आवाज खाली आणून म्हणायची, ‘‘का? आम्ही काय मेलो होतो?’’

अक्का म्हणजे माझ्या बायकोची आत्या. तिला आत्या मात्र कुणीच म्हणत नसे. दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांची ती अक्काच. राजांच्या फौजेबरोबर दक्षिणेत, बंगळुराला आलेलं आणि मग इथलंच होऊन गेलेलं हे घराणं. मराठी बोलता बोलता मधेच कन्नडमध्ये शिरायचं आणि पलीकडून मराठीत बाहेर पडायचं, ही त्यांची घरची रीत. ‘‘म्हणजे राजेसुद्धा तुमच्याकडेच उतरले असतील,’’ असं मी एकदा चेष्टेत म्हणालो. अक्का हसली नाही. ती विचारात पडली.

तिनं लग्न केलं नाही. घड्याळांच्या कारखान्यात डोळ्याला भिंग लावून नोकरी केली. भाऊ-वहिनी लवकर गेले, तेव्हा त्यांची तीन मुलं वाढवली : माझी बायको वृंदा, तिचा भाऊ रघू आणि धाकटी मंजू. बनशंकरीचं तिचं घर तसं बेताचंच, पण माळा मात्र गाद्यांनी गच्च भरलेला. थोडं ऊन पडलं की गाद्या गच्चीवर. पाहुणे येणार असोत वा नसोत, गाद्या तयार असायला हव्यात, असं तिचं म्हणणं. ‘‘माणूस दारात आल्यावर गादीला वास येतो म्हणून सांगू काय त्याला?’’

माझी सोयरीकसुद्धा या उतरण्यावरून जुळली. मी सोलापूरहून मुलगी बघायला आलो आणि मोठ्या शहाणपणानं बसस्टँडजवळच्या एका लॉजमध्ये उतरलो. दाढी करत होतो, तेवढ्यात खालून निरोप आला, ‘बाई आल्यात.’ खाली अक्का. रिक्षा थांबवून ठेवलेली. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, ‘‘मुलगी पसंत पडते की नाही ते मागनं बघू. बॅग आणा आधी.’’ अर्ध्या गालाला साबण तसाच. वृंदा मी दुपारी पाहिली, पण माझी बॅग सकाळीच त्या घरात जाऊन पडली होती. आता नाही म्हणायची सोय कुठं होती?

अशा बाईला गेल्या काही वर्षांत पाहुणे मिळेनासे झाले. लोक बंगळुराला यायचे, पण ऑफिसनं दिलेल्या हॉटेलात उतरायचे आणि निघताना विमानतळावरून तिला फोन करायचे. त्यात ती न्हाणीघरात घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण रघू हादरला. तो राहतो हेब्बाळला, अकराव्या मजल्यावर, खाली तळं दिसतं. एका रविवारी आम्ही सगळे बनशंकरीला जमलो असताना त्यानं विषय काढला.

‘‘अक्का, आता पुरे. माझ्याकडं ये राहायला.’’

‘‘मी तिकडं आले तर माणसं उतरणार कुठं?’’

‘‘कुठली माणसं? शेवटचं कोण येऊन राहिलं, सांग बघू.’’

अक्कानं बराच वेळ आठवून पाहिलं. माझ्याकडंही पाहिलं. मी चिवड्यातले शेंगदाणे शोधू लागलो.

शेवटी ती म्हणाली, ‘‘सरी, ठीक आहे. मेमध्ये मंजू येणार आहे पुण्याहून, पोरांना ते पाण्याचं पार्क दाखवायला. ती माझ्याकडं उतरली, तर तू हा विषय पुन्हा काढायचा नाहीस. नाही उतरली, तर मी घर बंद करून येते तुझ्याकडं. पण तिला कुणी काही सांगायचं नाही. सांगून सवरून आणलं तर ते उतरणं नव्हे, ते आणून बसवणं झालं.’’

आणि मंजूच्या त्या सहलीची राहण्याची व्यवस्था बघायचं काम कुणाकडं होतं? माझ्याकडं. मी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल बघतो, त्यामुळं जगातली कुठलीही न चालणारी गोष्ट मी चालवीन असा सासरी समज आहे.

पुढचे दोन महिने मी दमलो. ज्यांचे नातेवाईक एकाच गावात चार दिशांना राहतात, त्यांनाच हा शिणवटा कळेल. पार्क म्हैसूर रस्त्यावर. रघू उत्तरेला, अक्का दक्षिणेला, आम्ही होसूर रस्त्याला, म्हणजे कुठंच नाही. पार्कच्या आवारातच एक रिसॉर्ट होतं. खोलीतून निघायचं, चार पावलं चाललं की पाण्यात. ‘पार्क पार्क’ नावाच्या आमच्या ग्रुपवर मंजूनं त्याचे फोटो टाकले. रघूनं लगेच पसंतीचा अंगठा टाकला. अक्का ग्रुपवर नव्हती. तिच्या वतीनं मी लिहिलं, ‘बनशंकरीहून तसं जवळच आहे.’ मंजूनं नकाशाचा फोटो पाठवला. रस्ताभर लाल रेघ.

ती रेघ मी अक्काला दाखवली. तिनं चष्मा लावून बघितली आणि म्हणाली, ‘‘ते सुम्ने, उगीच दाखवतात हो. स्वल्प ट्रॅफिक असतं, तेवढंच. सकाळी उपमा खाऊन निघालं की झालं.’’ तिच्या डोक्यात अजून स्कूटर वीस मिनिटांत कुठंही पोचणारं बंगळूर होतं, आणि त्या बंगळुरातून तिला बाहेर काढायला माझा जीव होत नव्हता.

वृंदा रोज माझ्या मागं. ‘‘अहो, त्या रिसॉर्टात काहीतरी खोट काढा ना. मंजूला काही सांगता येत नाही, निदान खोट तरी काढता येईल!’’

मी फोन लावला. पलीकडं उत्साहानं ओसंडणारी एक मुलगी.

‘‘गरम पाण्याचं कसं? सकाळी येत नसेल ना?’’

‘‘येतं ना सर! चोवीस तास!’’

‘‘डास? झाडं बरीच दिसतात.’’

‘‘जाळ्या आहेत सर!’’

‘‘आवाज फार होत असेल. पार्क शेजारीच म्हणजे...’’

‘‘संध्याकाळी बंद होतं सर. एकदम शांत!’’ मग जरा थांबून तिनं काळजीनं विचारलं, ‘‘सर, तुम्हाला नक्की यायचंय ना?’’

शेवटी मी मंजूला सरळ फोन केला. अट न सांगता जेवढं बोलता येईल तेवढं बोललो. अक्काला किती आनंद होईल, मुलांना तिचा लळा, वगैरे वगैरे. मंजू ऐकून घेत होती. मग म्हणाली, ‘‘जिजाजी, मला का वाटत नाही तिच्याकडं राहावंसं? पण आपण एवढी माणसं गेलो की ती पहाटेपासून रांधत बसेल. माळ्यावरच्या गाद्या स्वतः काढायला जाईल. आत्ताच पडलीय ना ती? तिला त्रास नको हो. आपण रिसॉर्टच घेऊ, आणि तिलाही तिथंच आणू. तिला जरा आराम.’’

तुसडेपणानं म्हणाली असती तर भांडलो असतो. ती मायेनं म्हणत होती. मी तीन खोल्या सांगून टाकल्या.

अक्काला सांगायला गेलो, तेव्हा ती गच्चीवर गाद्या उलटत होती. ऐकून म्हणाली, ‘‘सरी.’’ हात झटकले. ‘‘माझी खोली तळमजल्यावर घेतलीत ना? मग झालं.’’ आणि उरलेल्या गाद्या उलटून मगच खाली आली.

रिसॉर्टला पोचलो. काउंटरवर मी ओळखपत्रं काढतोय, तोवर अक्कानं पिशवीतून नारळ, केळी, मोगऱ्याचा गजरा आणि घरी केलेले चिरोटे काढून तिथल्या मुलीपुढं मांडले. राहायला जायचं त्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही, हे तिच्या अंगातच होतं. ते घर कुणाचं, हा प्रश्न तिला पडलाच नाही. मुलगी गोंधळली. ‘‘मॅडम, हे कुठल्या रूमवर पाठवायचं?’’ अक्का म्हणाली, ‘‘तुलाच गं, बाळ. आम्ही आलोय ना तुझ्याकडं!’’ रघूनं कपाळाला हात लावला. मंजूची पोरं खिदळली. त्या मुलीनं मात्र गजरा तिथल्या तिथं केसांत माळला आणि आमच्या सामानाबरोबर स्वतः खोलीपर्यंत आली.

खोलीत गेल्या गेल्या अक्कानं तिथल्या पांढऱ्या चादरी काढल्या, घडी करून कपाटात ठेवल्या आणि घरून आणलेल्या फुलाफुलांच्या पसरल्या. ‘‘दुसऱ्याच्या घरच्या चांगल्या चादरी आपण कशाला मळवायच्या?’’ साफसफाईचा माणूस आला, खोलीतल्या चादरी घडी करून ठेवलेल्या पाहून त्याला वाटलं, आम्ही निघालो. त्यानं तसं खाली कळवलंसुद्धा. आमचं राहणं चालूच आहे, हे पटवायला मला दोनदा काउंटरवर जावं लागलं.

दुसरा दिवस पार्कचा. त्याबद्दल फार लिहीत नाही. मी एका घसरगुंडीत मध्येच अडकलो आणि मागून आलेल्या कुठल्यातरी कॉलेजच्या पोरानं ‘अंकल, पुश करू?’ असं अदबीनं विचारून मला मोकळं केलं, एवढं पुरे. अक्का सकाळभर छत्रीखाली आमच्या चपला, चष्मे आणि मोबाईल सांभाळत बसली आणि जेवणानंतर आमच्या आधी खोलीवर गेली. दुपारी उन्हानं भाजून, पाण्यानं सुरकुतून परतलो, तेव्हा कुणाच्या अंगात त्राण नव्हतं. आमच्या खोल्या वरच्या मजल्यावर, जिना चढवेना. अक्कानं दार उघडं धरलं होतं. पलंगावरच्या गाद्या तिनं वेटरला सांगून जमिनीवर ओढून घेतल्या होत्या. आम्ही एकेक आत शिरलो आणि पडलो. पोरं, त्यांचे आईवडील, वृंदा, मी. मंजू ओल्या केसांनीच झोपली, तोंड अक्काच्या खुर्चीकडं करून.

रघू दाराशी उभा होता. अक्का खुर्चीत. ती हलक्या आवाजात म्हणाली, ‘‘रघू, येते मी हेब्बाळला.’’

जिंकलेला माणूस असा दिसत नाही. तो खाली बसला. ‘‘अक्का, हे बघ ना, तीन खोल्या असून सगळे तुझ्याच खोलीत येऊन पडलेत. हे धर की. मी मानतो. राहा तू बनशंकरीला.’’

‘‘नाही रे. ही खोली माझी कुठं? उद्या सकाळी सोडायची.’’ तिनं झोपलेल्यांवरून नजर फिरवली. ‘‘झोपलेत चांगले. पुरे तेवढं.’’

मी डोळे मिटून पडून राहिलो. मला झोप लागली आहे, असं त्यांना वाटणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

पावसाळ्याआधी घर बंद झालं. गाद्या एका आश्रमात गेल्या. मंजूला कारण कळलं ते तेव्हा, रघूनं सांगितलं म्हणून. ती फोनवर इतकी रडली की अक्कालाच तिची समजूत घालावी लागली : ‘‘अगं, तू माझा त्रास वाचवलास. त्यात चुकलं काय?’’ मंजू त्यावर आणखी रडली.

हेब्बाळला तिला काही कमी नव्हतं. रघूची बायको सज्जन, खोली हवेशीर. पण आयुष्यभर पाहुणे सांभाळलेल्या त्या बाईला स्वतः पाहुणं होता येईना. पंखा लावायचा तर विचारून लावायची. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ‘‘आत येऊ काय?’’ म्हणायची. आम्ही भेटायला गेलो आणि निघालो, की रघूची बायको लिफ्टपर्यंत यायची. अक्का बसूनच राहायची. निरोप घरच्या माणसानं द्यायचा असतो, हे तिनं आम्हाला कधी सांगितलं नाही. आम्हीच समजून घेतलं.

मग एक दिवस तिचा मला फोन. वृंदाला नव्हे, मला. ‘‘जावई, चार दिवस तुमच्याकडं उतरू काय?’’

ती आली आणि आमच्याकडंच राहिली. त्या घरातून तिला बाहेर नेलं ते खांद्यावरून. त्याबद्दल लिहायला मला अजून जमत नाही.

पण ती आली ती दुपार लिहिता येते. वृंदा ऑफिसात होती, घरात मी एकटा. अक्का खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, पिशवी मांडीवर, उठायच्या तयारीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण घरी आलेल्या माणसाशी काय बोलायचं हे मला ठाऊक नव्हतं; ते नेहमी दुसरंच कुणीतरी बोलायचं. मी तिच्या मांडीवरची पिशवी घेऊन आत ठेवली. पुढ्यात दुसरी खुर्ची सरकवली. म्हणालो, ‘‘अक्का, पाय वर घ्या. नीट टेकून बसा. तुम्हाला आता काही करायचं नाही.’’

ती माझ्याकडं बघत राहिली. ‘‘खरंच?’’

‘‘खरंच.’’

मग तिनं दोन्ही हातांनी धरून एकेक पाय उचलला, खुर्चीवर ठेवला आणि मान मागं टेकली. मी चहा टाकायला आत गेलो. चहा घेऊन आलो, तर ती झोपून गेली होती.