सतराव्या ओळीची दुसरी फेरी

हैदराबादच्या पोलीस ॲक्शनला पंचवीसेक वर्षं होऊन गेली होती, तेव्हा लष्कराच्या सिग्नल्समधून मला औरंगाबादला एका हवाई सर्वेक्षणावर पाठवलं. हुद्दा नाईक. विमान आकाशात सरळ ओळींत ये-जा करायचं, शेत नांगरावं तसं. त्याच्या पोटाखाली केबलला चुंबकमापक टांगलेलं असे, त्याला आम्ही बर्ड म्हणायचो. जमिनीवरचं दुसरं यंत्र गारखेड्याच्या एका शेतात होतं; त्याच्या नोंदीशी ताडल्याशिवाय विमानातली नोंद कामाची नसे. मुकुंदवाडीला रेल्वे, म्हणजे लोखंडाचा गोंधळ. गारखेड्याला तेव्हा नुसती ज्वारी होती.

मी रेडिओ घेऊन बांधावर बसायचो. यंत्र शंभर पावलं आत. दर तासाला त्याचा नोंदीचा कागद बघायला जाताना पट्टा, किल्ल्या, बूट सगळं बांधावर काढायचं आणि अनवाणी जायचं. शेताचे मालक रहीमचाचा हसायचे, "क्या मियाँ, मशिदीत चाललात का देवळात?"

शास्त्रज्ञ देसाई साहेब ग्रॅनाइटच्या शोधात होते. ते सांगायचे, वरचा काळा दगड कागदावर बारीक थरथर काढतो, खूप खालचा ग्रॅनाइट मात्र रुंद, संथ लाट काढतो. हे ऐकल्यापासून माझं काही खरं नव्हतं. कोवळ्या उन्हात विमानाचा आवाज लांब जायचा, परत यायचा, पापण्या जड व्हायच्या. वाटायचं, आपण कुणा झोपलेल्याच्या अंगावर बसलोय आणि त्याचा श्वास कागदावर उतरतोय. तसं सुख नोकरीत पुन्हा मिळालं नाही.

विमानात केबल सोडायची-गुंडाळायची विंच सांभाळायला हवाई दलाचे सार्जंट दत्ता शेळके असत. ते कन्नडकडचे. घरावरून जाताना रेडिओवर सांगायचे, "माय अंगणात हाय रं, गंगाधर." नियमात बसत नव्हतं, पण कुणी अडवलं नाही.

एके सकाळी आमचं इन्स्पेक्शन होतं. तिथून मी धावतपळत शेतात आलो, तसाच यंत्रापाशी गेलो, मांडी घातली आणि पेंगलो. जाग आली तेव्हा कागदावर डोंगरदऱ्या उमटल्या होत्या. ग्रॅनाइटच्या नव्हे, माझ्या खिळे ठोकलेल्या बुटांच्या. सतरावी ओळ वाया गेली. देसाई साहेबांना लगेच खरं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "उद्या परत उडवू."

दुसऱ्या दिवशी सहा चाळीसला शेळके धावपट्टीवर भेटले.

"दत्ताभाऊ, माझ्या चुकीपायी तुम्हाला पुन्हा फेरी."

"येडा हाय का तू? घर पुन्हा बघायला मिळतंय. तुझी ओळ घेऊनच येतो."

सात बावन्नला रेडिओवर पायलटचा आवाज आला.

"विंच जाम. बर्ड वर येत नाही. समोर डोंगर."

मग विमानातलंच बोलणं ऐकू आलं.

"शेळके, कट द केबल."

"सर, हातानं ओढतो. दोन मिनिटं."

"कट! धिस इज ॲन ऑर्डर."

"येतंय सर, येतंय..."

बर्ड एकच होता. तो गेला की काम बंद, आणि माझी ओळही गेली. हे शेळक्यांना माहीत होतं. बर्ड अजिंठ्याच्या डोंगररांगेत एका सागात अडकला. केबल तुटली आणि तिचं टोक उघड्या दारातून उसळून शेळक्यांना लागलं. विमान आठ पंचवीसला सुखरूप उतरलं. शेळके तोवर गेले होते.

मी त्यांना घेऊन त्यांच्या गावी गेलो. माय अंगणातच बसली होती. वडिलांनी मला बाजूला बसवलं, शेजाऱ्यांनी आणलेली भाकरी पुढं सरकवली आणि विचारलं, "त्या दिवसाची ड्यूटी त्याचीच व्हती ना?"

"व्हय, बाबा."

"मंग ठीक हाय. खा तू."

मी खाल्ली. बुटांचं सांगितलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते. आता माय आणि बाबा दोघंही नाहीत, म्हणून इथं लिहून ठेवतो.

सार्जंट दत्ता शेळके, वय एकतीस. त्या सकाळी ते माझी चूक निस्तरायला उडाले होते.