उंच टोपीचा वर्गणीवाला

त्याचं नाव मी विचारलंच नाही. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. न्यू जर्सीच्या समुद्रकाठच्या एका गावात आमचं छोटं मोटेल होतं. जवळच्या शहरांत कुंकू लावलेल्या बायकांना भारतीयांवर राग असलेली टवाळ पोरं गाठून मारतात, असं कानावर येत होतं. मी कुंकू पुसलं, साड्या ट्रंकेत टाकल्या.

एका दुपारी दार वाजलं. साखळी न काढता फटीतून पाहिलं, तर उंच काळी टोपी, लांब काळा कोट, हातात काठी!

"गावच्या व्हिक्टोरियन फेस्टिव्हलसाठी डोनेशन हवं होतं, मॅम," तो अदबीनं म्हणाला.

म्हणजे वर्गणीच की! पण उंबऱ्यावरून पैसे द्यायचे नाहीत, हे आईनं अंगात मुरवलेलं. साखळी काढून त्याला आत घेतलं.

तो बूट पुसून आला, टोपी छातीशी धरून उभा राहिला. भिंतीवर माझा लग्नातला शालूतला फोटो होता. तो पाहून म्हणाला, "फेस्टिव्हलच्या शनिवार-रविवारी सगळं गाव माझ्यासारखे जुन्या काळचे कपडे घालून रस्त्यावर येतं. तुम्ही हे नेसून या. कुणी काही म्हणणार नाही."

"आणि सोमवारी?"

त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. पैसे घेऊन निघाला, तेव्हा दारात थांबून हळूच म्हणाला, "साखळी लावून घ्या, मॅम."